पहिली ओळ न लिहिणारा माणूस

ताईसाठी. दुसऱ्या कोणासाठीही नाही.

भावोजी या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होताहेत. प्रयोगशाळेतली मंडळी त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढणार आहेत, फोटोबिटो घालून, आणि तिच्यात घरच्यांपैकी कोणाचा तरी लेख हवा आहे. ताईने घरच्या ग्रुपवर टाकलं, "ह्यांच्यावर कोणीतरी चार चांगल्या ओळी लिहा." कोणीतरी. ग्रुपवर आम्ही सगळे आहोत, आत्या, मामा, भाचरं, आणि एक नंबर असा आहे की तो कोणाचा हे कोणालाच ठाऊक नाही. कोणी काही बोललं नाही. अंगठे तेवढे आले.

पण ताईच्या घरात ऐकेल त्याने करायचं असा कायदा आहे. मी ऐकलं, म्हणून लिहितेय. चांगलं लिहीन असं कबूल केलेलं नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ज्या प्रयोगशाळेत मी रुग्णांचे नमुने सांभाळते तिथेच ते कॉम्प्युटर सांभाळतात. मला तिथे नोकरी लागली तेव्हा भावोजींनी चिकटवलं असं सगळे म्हणाले. त्यांनी कोणाकडे अर्धा शब्दही टाकला नव्हता, मी परीक्षा देऊन लागले. पण लोकांचं म्हणणं त्यांनी खोडून काढलं नाही. कोणी म्हणालं की नुसते हसायचे. लोकांना हवा तो अर्थ काढू द्यायचा आणि आपण गप्प राहायचं, ही त्यांची जुनी सवय. ती सवय मला किती महागात पडणार आहे याचा तेव्हा अंदाज नव्हता.

दुसरी सवय हवेशी बोलण्याची. भावोजींनी कोणाला हाक मारलेली मी ऐकलेली नाही. ताईला ते साधं "अगं"सुद्धा म्हणत नाहीत. खुर्चीत बसतात, समोर बघतात आणि सांगतात. "पाणी." "पंखा फार झाला." "चष्मा कुठाय." मग ऐकू येण्याच्या टप्प्यात जो असेल तो उठतो. बहुतेक वेळा ताईच. भाचा लहान होता तोवर तोही धावायचा, पुढे मोठा झाला आणि त्याला ऐकू येईनासं झालं. माझ्या आईला तर लग्नानंतर बरेच दिवस वाटत होतं की जावई देवमाणूस आहेत, सारखे वर बघून काहीतरी मागतात.

आता शेल. भावोजींवर लिहायचं आणि शेलवर लिहायचं नाही म्हणजे आचाऱ्यावर लिहून चुलीला वगळण्यासारखं आहे, तेव्हा जरा सोसा.

कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत आपण हुकूम टाइप करतो तो यंत्राला थेट कळत नाही. मध्ये एक ऐकणारा बसलेला असतो. तो ऐकतो, अर्थ लावतो आणि आतून काम करून घेतो. त्या ऐकणाऱ्याला शेल म्हणतात. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण युनिक्स नावाच्या प्रणालीच्या दुनियेत शेल एक नाही, चांगले पाच-सहा आहेत, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी केलेले. बाहेरून सगळे सारखे. तीच काळी खिडकी, तीच लुकलुकणारी रेघ. साधंसुधं बोललात तर सगळ्यांना कळतं. जरा आडवळणाने बोललात की एकाला कळतं, दुसरा तोंडाकडे बघत राहतो आणि तिसरा भलतंच काहीतरी करून ठेवतो.

भावोजी बॅश नावाच्या शेलचे भक्त. माझी त्यांची पहिली भेट ताईला बघायला आले तेव्हाची. मी कॉलेजात कॉम्प्युटर हा जादा विषय घेतलाय असं आई कौतुकाने म्हणाली, तर त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "शेल कुठला शिकवतात?" मला माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्या बैठकीत ते माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते ताईशीही बोलले नाहीत, पण तिला पसंत केलं.

त्यांच्या समोरच्या टेबलावर पूर्वी एक गृहस्थ बसायचे. ते सी-शेल वापरत, म्हणून त्यांचं नावच सी-शेलवाले पडलं होतं. दोघांचं काम एक, खोली एक, चहाची किटली एक, आणि याने लिहिलेलं त्याच्या शेलमध्ये धड चालायचं नाही. एका शेलमध्ये किंमत साठवायची तर नुसतं बरोबरचं चिन्ह पुरतं, दुसऱ्यात आधी "सेट" म्हणावं लागतं. असल्या गोष्टींवरून दोघे एकमेकांना पाण्यात पाहत. सी-शेलवाले एकदा रजेवर गेले असताना भावोजींनी त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचा शेल परस्पर बदलून टाकला. ते परत आले, टेबलाशी बसले, आणि त्यांचं एकही काम सरळ होईना. सकाळभर ते बिचारे आपल्या हातांकडे बघत होते म्हणे, बोटंच चुकताहेत की काय म्हणून. ही गोष्ट भावोजींनी जेवणाच्या टेबलावर कितीदा तरी सांगितली आहे, आणि "हातांकडे बघत होता" इथे आले की त्यांना दर वेळी ठसका लागतो. मग ते हवेला म्हणतात, "पाणी."

सी-शेलवाल्यांनी पुढे बदली मागून घेतली. त्यांना निरोप द्यायला भावोजी गेले नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, पहिल्या ओळीची. रोजचे हुकूम पुन्हापुन्हा टाइप करायला नकोत म्हणून ते एका फाइलीत लिहून ठेवतात, तिला स्क्रिप्ट म्हणतात. स्क्रिप्टच्या अगदी वर एक ओळ लिहायची पद्धत आहे. हे सगळं अमुक शेलसाठी आहे, दुसऱ्याने हात लावू नये, असं ती ओळ सांगते. ती नसेल तर दारात जो शेल उभा असेल तो फाइल उचलतो आणि आपल्या परीने वाचून काढतो.

भावोजी ही ओळ कधीच लिहीत नसत. विसरून नव्हे, अभिमानाने. "पोराच्या शर्टाला पत्ता टाचून शाळेत पाठवतात ना, तसली ती ओळ," ते घास चावता चावता म्हणायचे. "ज्यांना स्वतःचा भरवसा नाही त्यांनी लिहावी. मी कोणाशी बोलतोय ते मशीनला कळतं." आणि कळायचंही. जुन्या मशीनवर दारात नेहमी बॅशच उभा असायचा. घरी ताई असायची, ऑफिसात बॅश. त्या माणसाचं सगळं आयुष्य असं दुसऱ्याच्या तत्परतेवर चाललं आणि त्याला वाटत राहिलं की आपलं बोलणंच चोख आहे.

मग जुनं मशीन थकलं. नवं आलं, आणि ते बसवायला एक नवी इंजिनिअर आली. आम्ही तिला नवी म्हणायला लागलो आणि अजून नवीच म्हणतो. नव्या मशीनवर दारात डॅश नावाचा शेल होता. सडपातळ, कामाला चपळ, पण बोली अगदी साधी. बॅशच्या लकबी त्याला ठाऊक नाहीत. नवीने सगळ्यांना बोलावून सांगितलं की आपापल्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ घाला, नाहीतर साध्या बोलीत पुन्हा लिहा. ती हे अगदी नम्रपणे म्हणाली. भावोजी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. नंतर कँटीनमध्ये म्हणाले, "अर्धवट शेल आणलाय आणि आम्हाला बोलायला शिकवतात."

त्यांची सगळ्यात महत्त्वाची स्क्रिप्ट होती शीतखोलीची. शीतखोली म्हणजे माझी खोली. तिथे रुग्णांचे नमुने ठेवलेले असतात, रक्ताचे, गाठींचे, पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचे. काही नमुने पुन्हा घेता येतात. काही घेताना माणसाचा इतका छळ होतो की पुन्हा घ्या म्हणायला तोंड होत नाही. खोलीतलं तापमान वाढलं तर रखवालदाराच्या केबिनमध्ये घंटा वाजावी आणि त्याने आम्हाला बोलवावं, हे काम ती स्क्रिप्ट करायची. ठरावीक मिनिटांनी मशीन ती आपोआप चालवायचं.

घंटेचा एक स्विच माझ्या खोलीच्या दाराशी आहे. संध्याकाळी पेट्या लावायच्या असल्या की दार बराच वेळ उघडं राहतं, घंटा उगाच बोंबलेल, म्हणून आम्ही तो स्विच बंद करतो आणि काम संपलं की लावतो. दार लोटायचं, कडी घालायची, स्विच लावायचा. माझ्या हाताला हे इतकं सवयीचं होतं की त्यात डोकं लागत नसे.

नवीने भावोजींना स्क्रिप्ट तपासून दाखवा म्हटलं. मी तिथेच होते, कारण मशीनला तापमान कळवणारा काटा माझ्याकडे होता. मी तो मुठीत धरून गरम केला. भावोजींनी आपल्या काळ्या खिडकीतून स्क्रिप्ट चालवली, केबिनमध्ये घंटा खणखणली, रखवालदार दचकून बाहेर आला.

"झालं समाधान?" भावोजी म्हणाले, भिंतीला.

"सर, तुमच्या खिडकीत बॅश आहे," नवी म्हणाली. "रोज ही फाइल मशीन आपणहून चालवणार, तिथे डॅश असेल. एकदा तसं चालवून बघू या का?"

"तेच आहे ते."

"सर, पहिली ओळ..."

"चहा," भावोजी म्हणाले. खोलीत आम्ही दोघीच होतो. आम्ही एकमेकींकडे बघितलं. नवी उठून गेली, चहा आणायला नव्हे, आपल्या जागेवर. मी आणला. ताईचा नवरा आहे म्हणून आणला.

त्यानंतर कित्येक आठवडे सगळं सुरळीत होतं. म्हणजे तसं वाटत होतं. आम्ही दार बराच वेळ उघडं ठेवायचो ते स्विच बंद करूनच, त्यामुळे घंटा मुकी झाली आहे हे कोणाला कळायला मार्गच नव्हता.

एका सकाळी मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोचले, दार उघडलं आणि तोंडावर कोमट हवा आली. थंड करणारं यंत्र रात्रीच बंद पडलं होतं. रखवालदार म्हणाला, घंटा वाजलीच नाही. पेट्यांवरच्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं ओलाव्याने फुगली होती.

आदल्या संध्याकाळी पेट्या लावल्या होत्या मी. स्विच बंद केला होता मी. सकाळी पहिली आले तीही मीच. स्विच आता चालू दिसत होता, पण तो रात्रभर चालू होता की मी आत्ता लावला, हे सांगायला माझ्याखेरीज कोणी नव्हतं. मी म्हणाले, मी लावला होता. माझ्या कानांना तेव्हाच ते दुबळं वाटलं.

चौकशी झाली. प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, मीटिंगच्या खोलीत बसल्या होत्या. प्रश्न एकच होता, घंटा का वाजली नाही. भावोजींनी स्क्रिप्ट मोठ्या पडद्यावर उघडली. मग ती मशीनकडूनच चालवून दाखवली, नवीला हवी होती तशी. काटा गरम केला, घंटा वाजली. पुन्हा केला, पुन्हा वाजली. नवीचा चेहरा पडला. भावोजी समोरच्या पाण्याच्या ग्लासाला म्हणाले, "घंटा वाजते."

एवढंच. हिने स्विच लावला नसेल, असं ते म्हणाले नाहीत. कोणी म्हणायची गरजच उरली नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मोठ्या बाईंनी मला त्या दिवशीच काढलं नाही. निर्णय होईपर्यंत शीतखोलीत जायचं नाही असं सांगितलं आणि रुग्णांना फोन करायचं काम दिलं. नमुने खराब झाले आहेत, पुन्हा यावं लागेल, हे सांगायचं. कामावर राहणार की नाही हा प्रश्न माझ्या डोक्यावर टांगलेला, आणि तोंडाने मी लोकांची माफी मागत होते. एका मुलीचा बाप फोनवर होता. तिच्या पाठीत सुई घातली तेव्हा तिला चौघांनी धरलं होतं. तो ओरडला नाही. म्हणाला, "तिला मी काय सांगू? मागच्या वेळी पुन्हा टोचणार नाही असं कबूल केलं होतं मी."

कँटीनमध्ये मी आले की टेबलावर शांतता व्हायची. त्याचं मला फारसं वाटलं नाही. वाटलं ते याचं, की मला स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली. दार लोटलं, कडी घातली, मग? मी घरी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून तीच हालचाल करून बघायचे. हात वर जायचा. पण तो त्या संध्याकाळी गेला होता की मला आत्ता तसं वाटतंय? गॅस बंद केला का, नळ बंद केला का, मी परत परत जाऊन बघायला लागले. सी-शेलवाल्यांसारखी मी आपल्या हातांकडे बघत बसायचे. माणसाची नोकरी जाणं वाईट, पण आपलाच हात आपल्याला परका करून ठेवणं हे त्याहून वाईट. हे ज्याने केलं त्याला मी क्षमा केलेली नाही. ते पुस्तिकेत छापायचं असेल तर छापा.

हात धुताना मला ते आठवलं. साबण लावलेला होता आणि डोक्यात चौकशीची खोली पुन्हा फिरत होती, मोठा पडदा, त्यावर उघडलेली भावोजींची स्क्रिप्ट, आणि तिच्या अगदी वर, पहिल्या ओळीत, बॅशचं नाव.

पहिली ओळ. भावोजींच्या स्क्रिप्टमध्ये. त्या खोलीत बसलेल्यांपैकी कोणाला त्यात काही वाटायचं कारण नव्हतं, सगळेच लिहितात. पण मी वर्षानुवर्षं त्यांच्या टेबलावर जेवले होते. तो माणूस जेवण सोडेल पण ती ओळ लिहिणार नाही हे मला जितकं माहीत होतं तितकं नवीलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. तिने माझं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "घंटा वाजली तेव्हा मला वाटलं, माझीच शंका खोटी. मी शरमले होते." मशीनवरच्या फाइलींची प्रत रोज वेगळ्या जागी साठवली जाते. तिने तिथून शीतखोलीची जुनी स्क्रिप्ट काढली आणि आत्ताची तिच्याशेजारी लावली. फरक एका ओळीचा. बदल केव्हाचा, तर नमुने खराब झाले त्याच दिवशी दुपारचा. चौकशी त्याच्या दुसऱ्या दिवशी होती.

मग तिने जुनी फाइल डॅशकडून चालवली. मी काटा मुठीत घट्ट धरला. केबिनमधून काही आवाज नाही. पडद्यावर एक ओळ उमटली.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

नवीने समजावलं. तापमान वाढलंय का, हा प्रश्न भावोजींनी बॅशच्या लकबीत लिहिला होता, दुहेरी कंसात. डॅशला तसले कंस माहीतच नाहीत. त्याला वाटतं, दुहेरी कंस या नावाचा कोणीतरी नोकर असेल. तो त्याला घरभर शोधतो, असा कोणी सापडला नाही अशी तक्रार लिहितो आणि पुढे जातो.

"थांबत नाही?"

"नाही ना. प्रश्न कळला नाही तर तो उत्तर 'नाही' असं धरतो. तापमान वाढलंय का? नाही. मग घंटा वाजवायची नाही."

"आणि ती तक्रार कुठे जाते?"

"ज्याची स्क्रिप्ट त्याच्या मशीनवरच्या पत्रपेटीत. दर वेळी एक."

म्हणजे नवं मशीन आल्या दिवसापासून दर काही मिनिटांनी ते यंत्र भावोजींना पत्र टाकत होतं की तुझं बोलणं मला कळत नाही. भावोजी मशीनची पत्रं उघडत नसत. यंत्राने माणसाला पत्र लिहायचं नसतं असं त्यांचं मत आहे, तेही मी त्या टेबलावर ऐकलंय.

नवी म्हणाली, आत्ताच मोठ्या बाईंकडे जाऊ. मी म्हणाले, उद्या. मला आधी ताईच्या घरी जायचं होतं. मला वाटत होतं की त्यांना एक संधी द्यावी, स्वतःच्या तोंडाने सांगण्याची. खरं कारण ताईच होती. तिचा संसार माझ्या हातून तोंडावर पडायला नको होता.

भावोजी खुर्चीत होते. अंगात तोच मशीनच्या खोलीतला स्वेटर, उन्हाळ्यातही न निघणारा. ताई आत भांडी लावत होती. मी समोर बसले आणि म्हणाले, "भावोजी, पहिली ओळ कधी घातलीत?"

ते दिव्याकडे बघून म्हणाले, "माझी स्क्रिप्ट बरोबर होती. वर्षानुवर्षं चालली. त्या मशीनचा शेल चुकीचा आहे."

"माझ्याकडे बघून बोला."

"पहिली ओळ ही पद्धत आहे. नियम नाही."

"मी स्विच लावला नाही असं सगळ्यांना वाटतंय. तुम्ही तिथे बसून होतात."

"मी तसं म्हणालो का? मी म्हणालो, घंटा वाजते. वाजत होती. लोकांनी काय अर्थ काढला त्याला मी काय करणार." आणि मग, जणू काही विषय संपला, "निवृत्तीच्या तोंडावर माणसाने नवे नियम शिकायचे. तरुण लोकांना कुठेही दुसरं काम मिळतं."

तरुण लोकांना. म्हणजे मला. समोर बसलेली असतानाही मला नाही, तरुण लोकांना. मी ताईला हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात आली. मी तिला सगळं सांगितलं, कंस, डॅश, पत्रपेटी, दुपारी घातलेली ओळ. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. फरशीकडे बघत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"माहीत असं नाही."

"मग?"

"त्या दिवशी जेवताना हे बोलले. ओळ घालायला हवी होती, घंटा त्यामुळे गेली, असं काहीतरी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

ताई म्हणाली, "मला कुठे सांगितलं त्यांनी? बोलले नुसते."

खुर्चीतून आवाज आला, "पाणी." आणि ताई वळली आणि पाणी आणायला गेली.

मी उठले. दुसऱ्या दिवशी नवी आणि मी मोठ्या बाईंसमोर बसलो, पत्रपेटी त्यांच्यासमोरच उघडली, आणि त्या एकाखाली एक आलेल्या सारख्या तक्रारी खालपर्यंत बघत गेल्या. मला शीतखोली परत मिळाली. सगळ्यांना बोलावून मोठ्या बाईंनी माझं नाव घेऊन सांगितलं की हिची काही चूक नव्हती. भावोजींना त्यांनी आपल्या खोलीत काय सांगितलं ते मला माहीत नाही. ते बाहेर आले तेव्हा पुटपुटत होते, अर्धवट शेल. त्यांच्या सगळ्या स्क्रिप्ट नवीने तपासल्या आणि प्रत्येकीच्या वर ती ओळ घातली. फोनवरच्या त्या मुलीच्या पाठीत पुन्हा सुई घातली गेली. तिच्या बापाला मी परत फोन केला आणि घंटा का वाजली नाही ते सांगितलं. तो म्हणाला, "आता त्याने काय होतंय?" बरोबरच होतं त्याचं.

स्विच मी अजून लावते. लावून चार पावलं जाते आणि परत येऊन बघते. हे जाईल असं वाटत नाही.

तर हे भावोजी. काम येणारा माणूस, कोणी नाकारत नाही. लोकांनी आपलं बोलणं ओळखून घ्यावं अशी अपेक्षा ठेवून जगला, आणि बहुतेकांनी ते ओळखून घेतलं.

आता ताई, तुझ्याशी. सगळ्या जन्मात त्या माणसाने हवेत टाकलेला एकही शब्द तू खाली पडू दिला नाहीस. पाणी म्हणाला की पाणी, चष्मा म्हणाला की चष्मा. कोणाला म्हणताय असं तू एकदाही विचारलं नाहीस. विचारलंस ते फक्त एकदा, आणि ते माझ्या वेळी, "मला कुठे सांगितलं त्यांनी?" म्हणून हा लेख मी ग्रुपवर टाकलेला नाही. तुझ्या एकटीच्या नंबरवर पाठवतेय, आणि कोणासाठी आहे ते पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. हे तुला सांगितलंय, ताई.